रेंडरमध्ये एवढं जातंच!

काही वाक्यं प्रथम कोणी उच्चारली हे इतिहासाला ठाऊक नाही. पण ती उच्चारली गेल्यापासून माणसाची चौकशी करण्याची शक्ती कायमची खुंटली, हे मात्र खरं. ‘दळणात एवढं जातंच’ हे त्यांतलं आद्य वाक्य. पाच किलो गहू घेऊन गेलेला गृहस्थ पावणेपाच किलो पीठ घेऊन निघतो, डब्याकडे बघतो, गिरणीवाल्याकडे बघतो आणि तोंड उघडणार इतक्यात पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून हे वाक्य येतं. गृहस्थ तोंड मिटतो. तीच गत शिंप्याकडे: ‘पहिल्या धुण्यात एवढं आटतंच.’ तीच सोनाराकडे: ‘घडवताना एवढी घट येतेच.’ या सगळ्या वाक्यांचं एक खास व्याकरण आहे. त्यांत नेणारा कुणी नसतो. पीठ आपलं आपण जातं, कापड आपलं आपण आटतं, सोनं आपलं आपण घटतं. क्रियापद अकर्मक आणि गिऱ्हाईक अगतिक!

अलीकडच्या काळात या जुन्या घराण्यात एका नव्या वाक्याची भर पडली आहे. ते म्हणजे ‘रेंडरमध्ये एवढं जातंच’. प्रस्तुत लेखकाचा हा सगळा आटापिटा त्या वाक्याविरुद्ध आहे.

ज्या भाग्यवंतांचा या शब्दाशी अजून संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. मुंज, लग्न, पंचाहत्तरी, वर्षश्राद्ध, काहीही असो, हल्ली त्यात जुन्या फोटोंची एक चित्रफीत दाखवायची पद्धत पडली आहे. मिक्सिंगवाला आपल्याकडून फोटो घेतो, कॉम्प्युटरवर ते एकापुढे एक मांडतो, मागे बासरी लावतो, पुढे नावं घालतो. हे सगळं मांडून झालं की कॉम्प्युटर त्याचा एकजीव व्हिडिओ करायला घेतो. त्या शेवटच्या शिजवण्याला रेंडर म्हणतात. कुकरमध्ये सगळं घालायचं, झाकण लावायचं आणि शिटीची वाट बघत बसायचं, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की कुकरमधून भाताचा भातच निघतो. रेंडरमधून मात्र पुष्कळदा असं होतं, की आत गेलेला खडखडीत, नाकीडोळी नीटस फोटो बाहेर येताना उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो. नाक आहेसं वाटतं, डोळे असावेत असा अंदाज करता येतो, आणि साडीचे काठ वळवळत असतात. आपण म्हणावं, ‘अहो, हे काय?’ की लगेच ते वाक्य येतं.

आता हा काही जगबुडीचा प्रश्न नव्हे, हे मलाही कळतं. पण आमच्या अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनात जे घडलं ते पाहिल्यापासून माझा या बाबतीतला विनोद थोडा आटला आहे. (एवढा आटतोच.)

आमच्या घराण्यात आजीचा, म्हणजे अण्णांच्या आईचा, एकच फोटो आहे. १९५१ साली गावातल्या स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा. मध्ये खुर्चीवर आजोबा, हातात काठी आणि चेहऱ्यावर फोटोग्राफरबद्दल संशय. बाजूला आजी उभी. पुढे सतरंजीवर पोरांची रांग. त्यानंतर दोन वर्षांनी आजी गेली. तेव्हा माझी थोरली आत्या बारा वर्षांची होती आणि अण्णा नऊ वर्षांचे. म्हणजे आजी कशी दिसत होती याचा लेखी पुरावा जगात एवढाच.

समारंभात कार्यालयातल्या भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर फीत सुरू झाली. चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या पहिल्या रांगेत. हा फोटो आला. आला तो सरळ आला नाही, फिरत आला. मग आजीच्या चेहऱ्याकडे झेपावू लागला. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या. चेहरा पडदाभर झाला आणि आत्या मला म्हणाली, “ही कोण रे?”

“अगं आत्या, आजी! तुझी आई!”

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. तोवर पडद्यावर अण्णा स्कूटरवर बसले होते. आत्या खाली बघत हळूच म्हणाली, “माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं नाही वाटतं.”

माझं भांडण आहे ते इथं. फोटो बिघडला याचं दुःख एक वेळ गिळता येईल. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं आपल्या आईला ओळखलं नाही, आणि दोष घेतला तो स्वतःच्या डोळ्यांवर! तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. त्या पडद्यावर तिची आई नव्हतीच. दुसऱ्या दिवशी मी मिक्सिंगवाल्याकडे गेलो. त्यानं अत्यंत सौजन्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, “साहेब, रेंडरमध्ये एवढं जातंच.”

माझं म्हणणं असं, की रेंडर चिमूटभर घेतं हे कबूल. व्हिडिओ म्हटला की दाबून भरणं आलंच. पण ती चिमूट डोळ्यांना कळतसुद्धा नाही. पोतंच्या पोतं जातं ते त्याच्या आधी, आणि ते आपलं आपण जात नाही, हातांहातांनी जातं. आमच्या आजीला किती हात लागले ते मी शोधून काढलं आहे. सात.

पहिला हात माझ्या भाच्याचा. त्यानं भिंतीवरची तसबीर खाली न काढता, काचेसकट, मोबाइलनं तिचा फोटो काढला. त्यात आजोबांच्या पगडीवर घरातली ट्यूबलाइट उगवली. दुसरा हात फॅमिली ग्रुपचा. ग्रुपवर टाकलेला फोटो जाताजाता चेपून लहान केला जातो, म्हणजे तो झटकन पोचतो. कोथिंबिरीच्या जुडीचंही लोकलमध्ये असंच होतं. तिसरा हात एका मामेबहिणीचा. तिला फोटो उतरवून घेता येईना म्हणून तिनं त्याचा स्क्रीनशॉट काढला. वर बॅटरी बावीस टक्के असल्याची नोंद आहे. चौथा हात काकूंचा. त्यांनी कुठल्याशा ॲपमधून त्याला महिरप घातली, खाली ‘पूज्य आई’ असं लाल अक्षरांत लिहिलं. इथून तो मिक्सिंगवाल्याकडे गेला. त्याचा पाचवा हात असा, की त्यानं एका जुन्या तयार साच्यात सगळं बसवलं, आणि तो साचा होता १२८० बाय ७२०चा. सहावा हात झेप घेण्याचा. आणि सातवा हात, जो एकटाच रेंडरचा, तो असा, की बारा मिनिटांची ती फीत फोनवरून पाठवता यावी म्हणून त्यानं ती ६० एमबीत कोंबली. सहा जणांनी मिळून घर धुऊन नेलं आणि बदनाम झाला तो शेवटी येऊन पायपुसणं उचलणारा!

हिशेब फारसा अवघड नाही. फोटो म्हणजे ठिपके, ज्यांना पिक्सेल म्हणतात. आजीचा चेहरा कागदावर जेमतेम एक सेंटिमीटर. मूळ फोटो काचेतून काढून चांगल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन केला, तर त्या एका सेंटिमीटरला ४७२ पिक्सेल मिळतात. मामेबहिणीच्या फोनचा पडदा १०८० पिक्सेल रुंद. त्यात चौदा सेंटिमीटर रुंदीचा आख्खा फोटो मावला, तेव्हा आजीच्या चेहऱ्याच्या वाट्याला आले ७७. या सत्त्याहत्तरांना ताणून मग कार्यालयाचा पडदा भरायचा! वाटीभर साबुदाण्यात वऱ्हाड जेवायला घालणं कुठल्याही सॉफ्टवेअरला जमलेलं नाही.

एवढं सांगितल्यावर विद्वानांचे चार पंथ पुढे सरसावतात.

पहिला पंथ ‘फोटोच जुना आहे’ म्हणणाऱ्यांचा. यांच्या मते जुनं म्हणजे अंधुक. उलट, त्या काळचा फोटोग्राफर काळं फडकं डोक्यावर घेऊन, पोरांना ‘हलू नका’ असा दम देऊन, मोठ्या काचेवर नाहीतर मोठ्या फिल्मवर फोटो घ्यायचा. त्या कागदावर काय काय आहे हे बघायचं असेल तर भिंग घेऊन बघा. मी बघितलं. आजोबांच्या काठीची मूठ फुटलेली आहे, हे आमच्या घराण्यात पंचाहत्तर वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसरा पंथ डीपीआयवाल्यांचा. हे अधिक घातक, कारण त्यांना एक आकडा माहीत असतो. ‘हा फोटो ७२ डीपीआयचा आहे, ३०० करून घ्या, छान येईल.’ मग ते फोटोच्या पोटातला तो आकडा बदलतात आणि समाधानानं हात पुसतात. वास्तविक स्कॅन करताना डीपीआयला अर्थ असतो, छापताना असतो; कारण एका इंचात किती ठिपके, असा तो प्रश्न आहे. व्हिडिओला इंच कळतच नाही. त्याला फक्त ठिपक्यांची एकूण संख्या कळते. ती तीच ठेवून डीपीआय बदलणं म्हणजे दुधाच्या पातेल्यावर ‘म्हशीचे’ अशी चिठ्ठी लावणं. चेपलेल्या जेपीईजीचं पीएनजी करून आणणारेही याच पंथाचे. फुटलेल्या कपातला चहा चांदीच्या भांड्यात ओतला, तरी जो सांडला तो सांडलाच.

तिसरा पंथ ‘सगळं फोर-के करा’ म्हणणाऱ्यांचा. ७७ पिक्सेलची आजी ३८४० रुंदीच्या फितीत बसवली की फाइल चौपट होते, मिक्सिंगवाल्याचं बिल वाढतं, आजी होती तेवढीच राहते.

आणि चौथा, सगळ्यांत नवा पंथ, एआयवाल्यांचा. ‘बटन दाबा, चेहरा चकचकीत!’ होतो, नाही असं नाही. पण कोणाचा? जे ठिपके हरवले ते यंत्राला ठाऊक नसतात. त्यानं हजारो परके चेहरे पाहिलेले असतात, त्यांवरून ते अंदाजानं नाक बसवतं. २०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांची ‘पल्स’ नावाची अशीच एक करामत गाजली. ठिपके-ठिपके केलेला बराक ओबामांचा फोटो तिच्यात घातला, तर बाहेर आला तो एक गोरा गृहस्थ. अगदी स्पष्ट, पण ओबामा नव्हे! ज्या माणसाचा फोटो जगात सर्वांत जास्त छापला गेला असेल, त्याची ही कथा. आमच्या आजीचा तर एकच होता. अंधुक आजी मला चालेल. दुसऱ्याची ठळक आजी घरात आणायची नाही.

आता हलवण्याविषयी. स्थिर फोटो दिसला की तो हलवलाच पाहिजे, असं मिक्सिंगच्या धंद्यात कुणी ठरवून दिलं आहे कोण जाणे. या तंत्राला ‘केन बर्न्स इफेक्ट’ असं भारदस्त नाव आहे. केन बर्न्स हे अमेरिकेतले माहितीपटकार. १९९० साली त्यांची ‘द सिव्हिल वॉर’ ही मालिका तिथल्या टेलिव्हिजनवर आली. ते युद्ध झालं १८६१ ते १८६५ या काळात. तेव्हा सिनेमाचा कॅमेराच नव्हता, होते ते फोटो. बर्न्स यांनी त्या फोटोंवरून कॅमेरा अगदी सावकाश नेला, कधी एका चेहऱ्याजवळ थांबवला. तंत्र त्यांच्याही आधीचं आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या १९५७ सालच्या ‘सिटी ऑफ गोल्ड’मध्येही ते सापडतं. पण नाव झालं बर्न्स यांचं, आणि २००३ मध्ये ॲपल कंपनीनं आपल्या आयमूव्हीत ते त्यांच्याच नावानं घातलं. तेव्हापासून जो तो केन बर्न्स. फरक असा, की बर्न्स सावकाश जातात आणि कुठंतरी पोचतात. आमच्याकडे आजोबांच्या काठीपासून निघालेला कॅमेरा कधीकधी मागच्या पडद्याच्या झालरीवर जाऊन दम खातो.

आणि हलवणं फुकट नसतं. व्हिडिओची चौकट १९२० पिक्सेल रुंद असेल आणि तुम्हाला फोटो दीडपट जवळ आणायचा असेल, तर फोटो कमीत कमी १९२०च्या दीडपट, म्हणजे २८८० पिक्सेल रुंद हवा. दुप्पट आणायचा असेल तर ३८४०. हा पाढा इयत्ता चौथीतला आहे. त्यातही एक खाच अशी, की काही सॉफ्टवेअरांत फोटो चौकटीत बसवायचे दोन मार्ग असतात आणि त्यांची नावं जुळ्या भावांसारखी असतात. ॲडोबी प्रीमियरमध्ये ‘स्केल टू फ्रेम साइज’ म्हटलं, की तो फोटो आधी चौकटीएवढा लहान करून मग तुमच्या हाती देतो. नंतर जवळ नेलात तर लहान केलेलाच ताणला जातो. ‘सेट टू फ्रेम साइज’ म्हटलं, तर मूळचे ठिपके शाबूत राहतात. एका शब्दाचा फरक, पण आजी दिसणं-न दिसणं त्यावर ठरतं.

याचा अर्थ जेवढा मोठा फोटो तेवढं बरं, असंही नाही. सहा हजार पिक्सेलचा फोटो दोन हजारांच्या चौकटीत नुसता कोंबला आणि वर हलवला, तर पैठणीच्या काठांची, चौकटीच्या शर्टांची आणि खिडकीच्या गजांची वळवळ सुरू होते. बारीक रेघा कुठल्या ठिपक्यात बसाव्यात हे त्यांना ठरवता येत नाही. एसटीत चढताना होते तशी चेंगराचेंगरी. अशा वेळी फोटोच्याच सॉफ्टवेअरमध्ये तो आधी नीट, लागेल तेवढाच लहान करून घ्यावा, म्हणजे सगळे आपापल्या जागी बसतात.

मुळात हलवावंच का, हा माझा सवाल आहे. फ्रान्सच्या क्रिस मार्कर यांनी १९६२ मध्ये ‘ला जेते’ नावाचा अठ्ठावीस मिनिटांचा चित्रपट काढला. जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा. त्यात खरी हालचाल एकाच ठिकाणी, क्षणभर: झोपलेली एक बाई डोळे उघडते. आणि आमच्याकडे अण्णांच्या मुंजीतला, नुकताच गोटा केलेला फोटोसुद्धा तीनदा गिरकी घेतल्याशिवाय पडद्यावर येत नाही.

यातली खरी गंमत पुढेच आहे. १९२० बाय १०८०च्या एका चौकटीत सुमारे वीस लाख पिक्सेल, प्रत्येकाला तीन बाइट, आणि सेकंदाला अशा पंचवीस चौकटी. म्हणजे सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट. एवढं कुणी साठवत नाही. आठ मेगाबिटचा बिटरेट ठेवला, तर सेकंदाला दहा लाख बाइट मिळतात. दीडशे भागांतला एक. मग बाकीचं कसं भागतं? तर व्हिडिओचा कारकून हुशार असतो. तो एक चौकट पूर्ण लिहितो आणि पुढच्या चौकटींत जे बदललं नसेल तिथं सरकारी दप्तरातल्यासारखं ‘वरीलप्रमाणे’ असं लिहून मोकळा होतो. आता बघा: पाच सेकंद स्थिर ठेवलेला फोटो म्हणजे १२५ चौकटी. एक पूर्ण, आणि १२४ वेळा ‘वरीलप्रमाणे’! त्याला याहून सोपं काम जगात नाही. म्हणजे साऱ्या फितीत सर्वांत स्वच्छ दिसायला हवा तो स्थिर फोटोच. आणि आमच्याकडे नेमका तोच सर्वांत गचाळ दिसतो! का? तर पाकळ्या.

गुलाबाच्या पाकळ्या, चमकत्या चांदण्या, उडणारे फुगे. या प्रत्येक पाकळीची जागा दर चौकटीत बदलते. कारकुनाला ‘वरीलप्रमाणे’ लिहिता येईना. तो बिचारा पाकळ्यांच्या नोंदी करता करता घामाघूम होतो आणि चेहऱ्यासाठी शाईच उरत नाही. आमच्या फितीत तर बारा मिनिटांना ६० एमबी, म्हणजे सेकंदाला दहा लाखांऐवजी पंच्याऐंशी हजार बाइटसुद्धा नाहीत. त्यांतले बहुतेक पाकळ्यांनी खाल्ले. आजीवर वाहिलेल्या फुलांनीच आजी झाकून टाकली! काकूंच्या लाल ‘पूज्य आई’चं तेच. नेहमीच्या व्हिडिओत चार ठिपक्यांत मिळून रंगाची एकच नोंद असते, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा पानाच्या पिचकारीसारख्या फुटतात. पांढरं लिहिलं असतं, तर आई पूज्यच राहिली असती.

इथं मिक्सिंगवाल्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्यासारखा कृतघ्न मीच. चहा त्याचा प्यायलो होतो. तो म्हणाला, “साहेब, लोक कार्यक्रमाच्या आदल्या रात्री अकरा वाजता फोटो पाठवतात. दीडशे फोटो. त्यांतले चाळीस उलटे. तीस जण तर एकच फोटो परत परत पाठवतात. मी मागितला ओरिजिनल, तर म्हणतात, ‘हाच ओरिजिनल, ग्रुपवरचा.’ सकाळी दहाला फीत पाहिजे. मी काय करू?” हे खरं आहे. त्या सात हातांत चार आमच्या घरचे होते. म्हणूनच मला ते वाक्य नको आहे. ‘एवढं जातंच’ म्हटलं की त्याची सुटका होते, भाच्याची होते, काकूंची होते. सगळे निर्दोष सुटतात आणि शिक्षा होते आत्याच्या मोतीबिंदूला.

मी तो फोटो तसबीरवाल्याकडून काचेतून मोकळा करून घेतला, १२०० डीपीआयला स्कॅन करवला, आणि मिक्सिंगवाल्याशेजारी स्टूल टाकून बसलो. साचा १९२० बाय १०८०चा, आणि बाहेर काढतानाही तोच. मध्ये कुठं लहानमोठं करणं नाही. फोटो दहा सेकंद, स्थिर. मग आजीचा चेहरा, तोही स्थिर. बिटरेट सोळा मेगाबिट. बारा मिनिटांची फीत दीड जीबीच्या आत आली. ती फोनवरून न पाठवता पेनड्राइव्हवर घेतली. शेवटी चोर पकडायची एक साधी युक्ती केली, ती तुम्हीही करा: तयार फितीतली एक चौकट काढून मूळ स्कॅनशेजारी, दोन्ही सारख्याच आकाराचे करून, ठेवली. सॉफ्टवेअरच्या छोट्या खिडकीत बघून निवाडा करू नये. तिथं पुष्कळदा चित्र मुद्दाम अर्ध्या दर्जाचं दाखवतात, कॉम्प्युटर दमू नये म्हणून. दोन्ही शेजारी ठेवल्यावर रेंडरनं काय नेलं ते दिसलं. काही नाही. निदान मिक्सिंगवाल्याला आणि मला मिळून चार डोळ्यांना दिसेल असं काही नाही.

आत्याला घरी टीव्हीवर ते दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. चष्मा पुसला नाही. मग म्हणाली, “आईच्या कानात बुगडी आहे बघ. माझ्या लग्नात मोडली ती. कशी होती ते विसरलेच होते.” मी नंतर मोजलं. मूळ कागदावर ती बुगडी एक मिलिमीटर भरते. चांगल्या स्कॅनमध्ये तिला ४७ पिक्सेल आले. ग्रुपवरून फिरून आलेल्या फोटोत सात-आठ. सात-आठ पिक्सेलांत बुगडी राहत नाही, डाग राहतो. एआयनं त्या डागाचं फार तर एक छानसं झुमकं केलं असतं.

तेव्हा, वाचकहो, तुमच्याही घरी एखादी पंचाहत्तरी येऊ घातली असेल. ट्रंकेतले, तसबिरींतले फोटो आठ दिवस आधी बाहेर काढा. मोबाइलनं काचेवरून टिपू नका. स्कॅन करा, पोस्टकार्डाएवढा असेल तर सहाशेला, त्याहून लहान असेल किंवा एखादाच चेहरा दाखवायचा असेल तर बाराशेला. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो चेपला जात नाही. महिरप घालणाऱ्या काकूंना त्या दिवशी दुसरं महत्त्वाचं काम द्या. आणि फोटो पडद्यावर आला की त्याला जरा उभा राहू द्या. हलायचं काम बघणाऱ्यांकडे सोपवा. ते त्यांना जमतं.

आणि मिक्सिंगवाला जर म्हणाला की एवढं जातंच, तर भांडू नका. फक्त विचारा, “कुठं?” या एका प्रश्नानं अकर्मक क्रियापदांची फार पंचाईत होते.

आमच्या मिक्सिंगवाल्याला हे सगळं पटलं, असं त्यानं स्वतः कबूल केलं. मी निघताना त्याला म्हटलं, “आता पुढच्या लोकांना तरी पाकळ्या घालू नका.”

“साहेब, पाकळ्या पॅकेजमध्ये आहेत.”

“मग पाकळ्या काढल्या तर पैसे कमी करता का?”

“नाही साहेब. पाकळ्या काढायचे दोनशे जास्त पडतात.”

मी ते दिले. तुम्हीही द्या. आजी ओळखू यायला एवढे लागतातच.